फांद्या खाणारं यंत्र

वाल द उर्झ
१२ फेब्रुवारी २०२३

आबीलिओ,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून वेगळी ओळ सोडली आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर इमाकुलाडा सांगायची की माणूस कितीही नावडता असो, मायना चुकवू नये. आज मी चुकवते आहे. ती असती तर मला कोपऱ्यात उभं केलं असतं, आणि कारण ऐकल्यावर तुला.

नाताळात माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू ओरडून फोन आपटलास. म्हणून आता फोन नाही. वाजला तरी उचलणार नाही. जे बोलायचं ते लिहून बोल. कागदावर मला मध्येच तोडता येत नाही.

ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या पालखीला तू आला नाहीस. पुढचा उजवा दांडा आपल्या घराचा. आधी आजोबांचा खांदा, मग बाबांचा, मग तीस वर्षं तुझा. 'रजा नाही, ताई,' म्हणालास. मी फादरांना तसंच सांगितलं. आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी सेलेस्तेची मुलगी, तीही तिकडे फ्रेंचांच्यात, तुमच्या ओर्लेआंलाच असते, चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांसमोर म्हणाली, 'आबीलिओमामा? ते तर केव्हाचे घरीच असतात. पेन्शनीत निघाले ना.' माझ्या हातात मेणबत्ती होती म्हणून बरं, नाहीतर हात कुठे ठेवावेत ते मला कळलं नसतं. आपला दांडा शेजारच्या एव्हारिस्तोच्या जावयानं उचलला. पालखीखाली तो च्युइंगगम चघळत होता.

असो. कामाचं लिहिते.

घरामागचा उतार अजून तुझ्यामाझ्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून विचारावं लागतंय. ऑलिव्हची छाटणी झाली. फांद्यांचे ढीग पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांतून पडलेत. वरच्या अंगाला जंगली बाभूळ आणि काटेरी झुडपं भिंतीपर्यंत उतरली आहेत. एप्रिल संपायच्या आत घराभोवतीचं सगळं साफ झालं पाहिजे, असा सरकारी नियम आहे. दंडाचं मला काही नाही. मला भीती आहे ती उन्हाळ्याची. त्या ऑक्टोबरात आग पलीकडच्या कड्यावरून कशी उतरली ते तू टीव्हीवर पाहिलंस. मी ओल्या चादरी घेऊन अंगणात उभी होते.

बाबांसारखं पेटवून द्यायचं, तर तेही मी आता करणार नाही. झेफेरिनोकाका मागच्या मार्चात स्वतःच पेटवलेल्या ढिगापाशी जळून गेले. वारा फिरला, एवढंच. त्यांना उचलून आणलं तेव्हा मी तिथे होते.

तेव्हा मला फांद्या खाणारं यंत्र हवं आहे. ढीग घालायचे, चुरा बाहेर, तो चुरा झाडांच्या बुंध्याशी. एव्हारिस्तो मदतीला यायला तयार आहे. तू सव्वीस वर्षं फ्रेंचांची झाडं कापलीस, त्यांची यंत्रं चालवलीस. मग सांग, कुठलं घ्यावं? एवढं तरी सांगशील?

नाताळाला हातात चढवायचे लोकरीचे बाहीमोजे पाठवले होते, आईच्या नमुन्याचे. पोचले का, तेही कळवलं नाहीस. आता तर तुझ्याजवळ वेळच वेळ आहे.

फेलिस्बेला

०

ओर्लेआं
२१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मी मायना लिहिला आहे. सिस्टर इमाकुलाडा कुणाला कोपऱ्यात उभं करेल ते तूच ठरव.

पालखीचं आणि पेन्शनचं नंतर लिहीन. लिहीन म्हणजे लिहीन. आधी यंत्राचं.

तुम्हा लोकांना वाटतं, मोठं तेवढं चांगलं. तसं नसतं. दोन जातींची यंत्रं मिळतात. एकात पात्यांचं चाक गरगर फिरतं, फांदी आत खेचून घेतं आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत तिचा चुरा करतं. पेट्रोलवर चालतं, कानठळ्या बसतात. दुसऱ्यात दातेरी रूळ असतो, सावकाश फिरतो, फांदी चिरडत चिरडत ओढतो. विजेवर चालतो, आवाज नाही, अडकला की आपोआप थांबतो. तुला दुसरं हवं. तुझं वय अडुसष्ट. तुला घाई कसली? रोज थोडं थोडं कर.

मी इथे एक पाहून ठेवलं आहे, हिरव्या रंगाचं, चाकांवरचं. दुआर्तेच्या गावाकडे येणाऱ्या सामानाच्या व्हॅनमधून पाठवून देतो. माझ्याकडून समज. त्यावर वाद घालू नकोस, नुसतं वापर.

ओदेत, तुझी भावजय, आठवण काढते.

तुझा
आबीलिओ

०

वाल द उर्झ
१४ मार्च

आबीलिओ,

तुझं यंत्र आलं. दुआर्तेनं ते बाथरूमच्या फरशा आणि कुणाच्या तरी शिलाई मशीनच्या मधून काढलं आणि विचारलं, 'बेलाबाई, हे काय, कॉफी दळायला?'

मी तरीही त्याला मान दिला. पुसलं, अंगणात ठेवलं, माहितीचं पुस्तक चष्मा लावून वाचलं. एव्हारिस्तोनं चार घरांतून वायरी मागून आणल्या, एकीला एक जोडत पहिल्या वाफ्यापर्यंत नेल्या. बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं आणि घरातले दिवे गेले. फ्रिज बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा गेले. पाणी तापवायचा बंब बंद केला तेव्हा ते चाललं, म्हणजे कुत्रं झोपेत गुरगुरतं तसं चाललं.

दिवे का गेले, विचार. कारण मीटर तुझ्या नावावर आहे आणि बाबा गेले तेव्हा तू कचेरीत जाऊन सगळ्यांत कमी भाराची जोडणी घेऊन आलास. 'एकट्या बाईला वीज लागते किती,' म्हणालास. अकरा वर्षं मी इस्त्री लावायच्या आधी विजेची शेगडी बंद करते. आणि आता त्याच वायरीवर तू मला यंत्र पाठवतोस. तू हे घर कधी डोळे उघडून पाहिलं आहेस का? ऑगस्टात येतोस, खुर्चीत बसतोस, 'अहाहा, काय हवा' म्हणतोस.

आणि ऑलिव्हची फांदी तुमच्या फ्रेंचांच्या कुंपणासारखी सरळ नसते हे विसरलास का? तिला फाटे असतात, कोपरं असतात. तुझ्या यंत्राचं तोंड टपालपेटीच्या फटीएवढं. एक फांदी आत घालायला तिचे पाच तुकडे करावे लागतात. एवढे तुकडे केले तर ते चुलीतच घालीन की, यंत्र कशाला? एव्हारिस्तो एका ढिगाशी सकाळभर बसला आणि म्हणाला, 'बेलाबाई, याला सूपची कोबी चिरायला ठेवा. आवाज करत नाही, बरं.' जुवेन्तिनाच्या कॅफेत आता रोज विचारतात की आज पॅरिसवाल्यानं किती फांद्या खाल्ल्या.

मी हसले नाही. हे मला हसण्यासारखं वाटलं नाही. वरचं रान महिन्यात वाळेल, आणि माझ्या खोलीची खिडकी त्याच बाजूला उघडते.

एव्हारिस्तोच्या मावसभावाकडे गावात एक पेट्रोलवर चालणारं आहे, जुनं, पण दणकट. पात्यांच्या चाकाचं. मनगटाएवढी फांदी एका घासात खातं. मी स्वतः पाहिलं. दोन भिंतींमधल्या वाटेतून ढकलत नेता येतं, तेही मोजलं. तुझं हिरवं यंत्र न्यायला दुआर्तेला सांगते.

बाहीमोज्यांबद्दल एक अक्षर नाही. पत्र टाइप केलेलं. बँकेचं पत्र असतं तसं, खाली तुझी सही, तीही शिक्क्यासारखी वाकडीतिकडी. बहिणीला हातानं दोन ओळी लिहवत नाहीत?

फेलिस्बेला

०

ओर्लेआं
२२ मार्च

ताई,

ते यंत्र घेऊ नकोस.

जमीन दोघांची आहे, तूच म्हणालीस. मग मी नाही म्हणतो. पात्यांचं चाक असलेलं कुठलंही यंत्र त्या उतारावर चढणार नाही. जुनं तर नाहीच. एव्हारिस्तोच्या मावसभावाला सांग, माझी परवानगी नाही.

हिरवं पसंत नसेल तर माणसं लावून रान काढून घे. नाहीतर पाऊस पडल्यावर ओल्या जमिनीवर, वारा नसताना, अग्निशामकवाल्यांना कळवून पेटव. बाबा आयुष्यभर पेटवत आले.

विजेचा भार वाढवून घेतो. ते माझं चुकलं.

आबीलिओ

०

वाल द उर्झ
१ एप्रिल

आबीलिओ,

पेटव म्हणालास.

हे वाक्य मी दोनदा वाचलं, मग पत्र टेबलावर ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे घालून आले, कारण तुला लगेच लिहिलं असतं तर ते शब्द मला कुमसारात, पापांची कबुली देताना, फादरांना सांगावे लागले असते. झेफेरिनोकाकांबद्दल मी तुला लिहिलं होतं. त्यांनीसुद्धा कळवून पेटवलं होतं. त्यांच्याही रानात आदल्या दिवशी पाऊस पडला होता. त्यांनी तुला पोहायला शिकवलं, आठवतं का? धरणाच्या खालच्या डोहात? त्यांची टोपी मला त्या राखेत सापडली. आणि तू मला लिहितोस, पेटव.

माणसं लाव म्हणतोस. कुठली माणसं? या वाडीत आता चुलीतून धूर निघतो अशी सात घरं आहेत. त्यातल्या सगळ्यांत तरुण माणसाला, म्हणजे एव्हारिस्तोला, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. माणसं सगळी तुमच्याकडे आहेत. तुम्ही नेलीत.

आणि परवानगी नाही म्हणे. कारण नाही, समजावणं नाही. सव्वीस वर्षं तू स्वतः असलीच यंत्रं चालवलीस. फोटो पाठवायचास, डोक्यावर शिरस्त्राण, मागे हे एवढं मोठं धूड. तुला चालतं, मला चालत नाही. का? मी बाई म्हणून? म्हातारी म्हणून? सिस्टर लोकांकडे शिकले म्हणून माझे हात लेस विणायचे झाले असं वाटतं का तुला? आई आजारी पडली तेव्हा शाळा सोडून परत आले, तेव्हापासून याच हातांनी हा उतार राखला आहे. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. तुझे बूटही याच हातांनी बांधले.

मला आता तुझं सगळं कळतंय. रान वाढू दे, बेलाला भीती वाटू दे, म्हणजे ती म्हणेल की मला गावातल्या वृद्धाश्रमात टाका. मग घर विकायला मोकळं. पालखीला न येणारा, बहिणीशी खोटं बोलणारा, तिला टाइप केलेली पत्रं पाठवणारा माणूस आणखी काय करेल?

म्हणून तुझ्या परवानगीविना यंत्र घेतलं. अंगणात उभं आहे. ईस्टर होऊ दे. त्यानंतरच्या शनिवारी, पंधरा तारखेला, सकाळी सुरू करणार. फांद्या एव्हारिस्तो ओढून आणील, यंत्रात मी घालीन. त्याला गुडघ्यामुळे एका जागी उभं राहवत नाही.

हातात आईचे बाहीमोजे घालीन. तुला पाठवले त्यांचीच जोडी, त्याच लोकरीचे. कोपरापर्यंत, आंगठ्यात फासा अडकवायचा, म्हणजे वर सरकत नाहीत. काट्याझुडपांत या वाडीत सगळ्यांनीच घातलेत, आईनं, आजीनं, तूही. लहानपणी फासा अडकवल्याशिवाय तू घराबाहेर पडायचा नाहीस, 'ताई, आंगठा, ताई, आंगठा' करत माझ्यामागे फिरायचास. आता तुझ्या शहरात कुणाला लागतात म्हणा.

हे शेवटचं पत्र समज.

फेलिस्बेला

०

ओर्लेआं
११ एप्रिल

ताई,

हे डाव्या हातानं लिहितो आहे. लागेल तसं वाच.

तुझं पत्र काल आलं. कालपासून फोन करतो आहे, तू उचलत नाहीस. कॅफेत फोन केला, जुवेन्तिना म्हणाली, तू निरोप दिलास की 'पत्रात लिही'. तिला सांगितलं असतं तर तुझ्याआधी साऱ्या कॅफेला कळलं असतं. एव्हारिस्तोकडे कुणी नाही, ते ईस्टरला मुलीकडे गेलेत म्हणे. म्हणून हे दुआर्तेच्या हाती देतो आहे. तो शनिवारी सकाळी पोचतो. पत्र तुझ्याच हातात देईन, असं त्यानं शपथेवर सांगितलंय.

बाहीमोजे घालून त्या यंत्राजवळ जाऊ नकोस.

मागच्या वर्षी मार्चात माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चिपरमध्ये, म्हणजे पात्यांच्या चाकाच्या तसल्याच यंत्रात. आम्ही एका नदीकाठी पॉप्लरच्या फांद्या घालत होतो. थंडी होती. साहेबानं सकाळीच सांगितलं होतं, लांब बाह्या नकोत, सैल काही नको. माझ्या कोटाच्या आत बाहीमोजे होते. तू त्या आधीच्या नाताळाला पाठवलेले. तो म्हणाला काढ, मी म्हणालो काढतो, आणि काढले नाहीत. ऊब होती. सव्वीस वर्षं मला काही झालं नव्हतं.

फांदीला एक फाटा होता, बारीक, बोटाएवढाही नव्हता. तो आंगठ्याच्या फाशात शिरला. त्या यंत्रात फांदी खेचली की ती तुझ्या वाटेनं येत नाही, त्याच्या वाटेनं जाते. मला वाटलं, हात ओढून घेईन. तेवढा वेळ नसतो ताई. फासा तुटला म्हणून आंगठा राहिला. सोबतच्या माणसानं थांबवायचा दांडा ढकलला म्हणून हात राहिला.

हे तुला कसं सांगायचं? बोटं गेली हे सांगता आलं असतं. पण तू विचारलं असतंस, हातात काय घातलं होतंस. तू पहिलं तेच विचारलं असतंस, मी तुला ओळखतो. आणि मला तुझ्यासमोर खोटं बोलता येत नाही, फोनवर येतं. म्हणून ऑगस्टला आलो नाही. म्हणून टाइप करतो. नाताळाचं तुझं पुडकं कपाटात आहे, ओदेतनं अजून उघडलेलं नाही. ती ते हातात घेते आणि परत ठेवते.

तू विणलेल्या वस्तूनं हे झालं असं तुला वाटू नये म्हणून मी वर्षभर तोंड मिटून बसलो, आणि आता तीच वस्तू घालून तू त्याच यंत्रासमोर उभी राहणार आहेस. मी मूर्ख आहे. नुसतं 'नाही' लिहिलं. कारण लिहायला हवं होतं. पेटव म्हणालो ते तर फारच वाईट. झेफेरिनोकाकांचं ठाऊक होतं तरी तसं लिहिलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं.

आता तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस त्याचं उत्तर देतो. कुठलं घ्यावं.

यंत्राचं तोंड पाहा. ज्या पत्र्याच्या नरसाळ्यातून फांदी आत जाते ते लांब असलं पाहिजे, माणसाचा हात पुरा आत घातला तरी पात्यांना लागणार नाही इतकं लांब. ते कुणी कापून आखूड केलेलं असेल तर ते यंत्र परत कर. जुन्या यंत्रांचं लोक हटकून कापतात, वेड्यावाकड्या फांद्या पटकन जाव्यात म्हणून. तोंडापाशी थांबवायचा दांडा हवा, मांडीनं ढकलला तरी थांबेल असा. फांदी बुंध्याकडून घालायची, बाजूला उभं राहायचं आणि तिनं पकडली की सोडून द्यायची. मागून हातानं ढकलायचं नाही, दुसऱ्या फांदीनं ढकलायचं. बाह्या घट्ट. शाल, रुमाल, एप्रनच्या नाड्या, गळ्यातली क्रुसाची साखळी, काही नको. बाहीमोजे नको.

घर विकण्याचं तू जे लिहिलंस ते मी वाचलं. त्यावर काही म्हणत नाही.

आबीलिओ

०

वाल द उर्झ
१७ एप्रिल

आबीलिओ,

दुआर्ते शनिवारी पोचला तेव्हा यंत्र सुरू होतं. एव्हारिस्तोनं दोरी ओढून ते चालू केलं होतं आणि मी अंगणातल्या बाकावर बसून दुसरा बाहीमोजा चढवत होते. एका आंगठ्यात फासा अडकवून झाला होता. दुआर्ते फाटकातून हात हलवत ओरडत आला, आणि मला वाटलं, याला कॉफी हवी असेल. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्यानं पत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि हलेना.

पाकिटावरचं अक्षर पाहून मला आधी राग आला. वाटलं, पत्ता लिहायला कुठल्या पोराला बसवलंस. मग आत तेच अक्षर.

मी एव्हारिस्तोला म्हणाले, 'बंद कर.' तो म्हणाला, 'बेलाबाई, आत्ता कुठे गरम झालंय.' मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज कसा आला होता कोण जाणे, त्यानं लगेच बंद केलं आणि टोपी काढली. त्याला वाटलं, कुणी गेलं.

आता ऐक. माझा राग गेलाय असं समजू नकोस. गेलेला नाही, वाढला आहे. तुला कुणी सांगितलं होतं मला जपायला? मी काय काचेची आहे? आईचे डोळे मी मिटले. बाबांचे मी मिटले. नवऱ्याला, होरासिओला, शेवटची दोन वर्षं मी चमच्यानं भरवलं. आणि तुझी तीन बोटं मला सोसली नसती? वर्षभर मी तुला त्या चर्चमध्ये बसून शिव्या घातल्या. मेरीमातेच्या समोर. दर रविवारी. ती ऐकून घेत होती आणि तिला ठाऊक होतं. तू मला तिच्यासमोर खोटं पाडलंस.

हो, मी पहिलं तेच विचारलं असतं, हातात काय घातलं होतंस. आणि तू सांगितलं असतंस. आणि मी रडले असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकरीबद्दल देवाशी भांडले असते, आणि तिसऱ्या दिवशी तुला सूप करून घातलं असतं. लोक असंच करतात. घरचे लोक याहून दुसरं काय करतात, मला सांग.

साहेब म्हणाला काढ, तर काढायचे नाहीत का? लहानपणापासून तसाच. लोकर माझी, पण हट्ट तुझा. माझ्या वाट्याचं मी घेते, तुझ्या वाट्याचं तू घे. सगळंच एकट्यानं कपाटात ठेवायचं नसतं.

यंत्राचं. तू लिहिलंस तसं पाहिलं. नरसाळं कापलेलं होतं. करवतीची खूण दिसत होती, वर रंग फासला होता. मी माझा हात बाहेरून लावून पाहिला, बंद यंत्राला. कोपर बाहेर आणि बोटं पात्यांशी. एव्हारिस्तोनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, 'मावसभाऊ म्हणाला होता, असं जास्त सोयीचं.' मग आम्ही दोघांनी ते भिंतींमधल्या वाटेतून परत ढकलत नेलं. मावसभावाला मी जे बोलले ते सिस्टर इमाकुलाडाच्या शिकवणुकीत नव्हतं. त्यानं यंत्र परत घेतलं.

तेव्हा उतार जसा होता तसाच आहे. ढीग तसेच. परवापासून पूर्वेचा कोरडा वारा सुटलाय आणि वरची झुडपं रात्रंदिवस खसखसतात. एप्रिल संपत आला. पेन्शनीतल्या माणसाला रजा लागत नाही. मग ये. गावातल्या दुकानात दोन नवी यंत्रं आहेत, लांब तोंडाची, दांड्याची. मी त्यातलं निवडणार नाही. तू समोर उभा राहून निवड, आणि दुकानदाराला हात दाखव, म्हणजे तो भलतंसलतं गळ्यात मारणार नाही. मग तू बाजूला उभा राहून सांग, मी घालीन. मी चुकले तर ओरड. तुला ओरडता येतं, नाताळात ऐकलं मी.

येताना ते नाताळाचं पुडकं घेऊन ये. ओदेतला सांग, आता घाबरू नको, मी इथलीही जोडी उसवली आहे. फासे आधी कापले.

आणि ऑगस्टचं. फादरांशी बोलले. आपला दांडा आपल्याकडे परत आला. एव्हारिस्तोचा जावई म्हणतो, त्याला तसंही ओझं वाटत होतं. पालखी खांद्यावर उचलतात आबीलिओ, बोटांवर नाही. एवढं कळायला वर्ष लागलं तुला.

लोकर वाया घालवत नाही. तिचा हातमोजा विणायला घेतलाय, उजव्या हाताचा, आखूड, घट्ट, मनगटावर संपणारा. पण तू निष्काळजी लिहिणारा, तीन गेली एवढंच लिहिलंस. मी तळहातापर्यंत येऊन थांबले आहे.

कोणती तीन, ते कळव. किंवा येऊन दाखव.

तुझी
ताई